एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट: चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांची तयारी कशी करावी

शाळेत चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे फॉर्म निघाले की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, याचे दहावीला किती मार्क मिळतात?" उत्तर छोटं आहे. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर ७, बीला ५ आणि सीला ३. एलिमेंटरीचे वेगळे मार्क नाहीत. हे ऐकल्यावर निम्मे पालक लगेच फॉर्म भरतात आणि निम्मे "सात मार्कांसाठी एवढा खटाटोप?" म्हणत घरी जातात. मला दोघांशीही भांडायचं आहे. जे फॉर्म भरतात, त्यांची मुलं परीक्षेच्या आधी तीन आठवडे क्लासला जाऊन तयार चित्रं पाठ करतात. आणि जे भरत नाहीत, त्यांच्या मुलांना समोरची वस्तू नीट बघायला शिकवणारी शाळेतली एकमेव संधी हुकते. गणितात आणि विज्ञानात ती नाही, भाषेतही फारशी नाही.

या परीक्षांचं अधिकृत नाव शासकीय रेखाकला परीक्षा. महाराष्ट्र राज्याचं कला संचालनालय त्या घेतं. बहुतेक शाळांत मुलं आठवीच्या आसपास एलिमेंटरी देतात आणि पुढच्या वर्षी इंटरमिजिएट. दहावीच्या वर्षापर्यंत ताणू नका. त्या वर्षी मुलाच्या हातात ब्रश दिसला की घरात वाद होतात. दोन्ही परीक्षांत चार-चार पेपर, दोन दिवसांत, सकाळी एक आणि दुपारी एक. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (दिलेल्या आकारात नक्षीची रचना) आणि कर्तव्यभूमिती (पट्टी-कंपासने आकृत्या रचणं)-अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं, म्हणजे मागचा पडदा, कापडाच्या घड्या, सगळं रंगात. आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. परीक्षा दिवाळीच्या आधी होते. त्यामुळे शहाण्या मुलांची तयारी त्याआधीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू होते.

आधी सामान, पण बेताचं

दुकानदार मोठा सेट दाखवतो आणि मुलाचे डोळे चमकतात. घेऊ नका. सरावासाठी सुट्या कार्ट्रिज पेपरचे ताव घ्या आणि चौथाई कापून वापरा, साधारण २८ बाय ३८ सेंटिमीटर. वहीच्या पानावर वर्षभर सराव केलेल्या मुलाला परीक्षेत मोठा कागद मिळाला की त्याची चित्रं कागदाच्या मधोमध बिचकून बसतात. लिंबाएवढा तांब्या आणि भोवती मैदान! सवय पहिल्यापासून मोठ्या कागदाचीच हवी.

पेन्सिली तीन पुरतात: एचबी, २बी आणि ४बी. भूमितीसाठी वेगळी २एच. ब्रश गोल टोकाचे, २, ६ आणि १० नंबरचे, आणि एक अर्ध्या इंचाचा चपटा. पैसे कुठे खर्च करायचे असतील तर ते १० नंबरच्या ब्रशवर करा. ओला करून झटकल्यावर ज्याचं टोक आपोआप जुळतं तो ब्रश चांगला. दुकानात पाणी मागून तपासून घ्यायला लाजू नका. रंगांमध्ये बारा बाटल्यांचा पोस्टर कलरचा सेट संकल्पचित्र आणि स्मरणचित्राला चालतो. वस्तुचित्राला जलरंगाच्या ट्यूब बऱ्या. पांढरा आणि पिवळा सगळ्यात आधी संपतो, त्या बाटल्या सुट्या मिळतात, तेव्हा अख्खा सेट पुन्हा घेऊ नका. पाण्याला दोन डबे ठेवा: एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाणी घ्यायला. एकाच डब्यात काम करणाऱ्याचं पिवळं फूल तासाभराने शेवाळी होतं. शिवाय जुनं सुती फडकं, घरातल्या धोतराचं किंवा साडीचं असेल तर उत्तम. पाणी टिपायला टिश्यू पेपर त्याच्या जवळपासही येत नाही.

पट्टी, गुण्ये, कंपास आणि क्लिपा लावलेला बोर्ड. झालं सामान.

वस्तुचित्र: आधी मोजा, मग काढा

चारही पेपरांत जास्तीत जास्त वेळ ज्यावर द्यावा तो हा. बाकी तीन पेपरांना लागणारी नजर इथेच तयार होते.

घरातला स्टीलचा पेला घ्या. डोळ्यांच्या बरोबर समोर धरा. त्याची वरची कड एक सरळ आडवी रेघ दिसेल. आता पेला हळूहळू खाली न्या. कड उघडत जाईल. आधी चिंचोळी, मग रुंद अंडाकृती, आणि अगदी पायाशी नेला की जवळजवळ गोल. म्हणजे डोळ्यांच्या पातळीपासून वर्तुळ जितकं खाली, तितकं ते जास्त उघडं दिसतं. याचा सरळ अर्थ असा की टेबलावर ठेवलेल्या पेल्याचा तळ त्याच्या काठापेक्षा थोडा जास्त गोल काढायला हवा. शंभरातली नव्वद मुलं उलटं करतात: काठ छान अंडाकृती काढतात आणि तळ पट्टीने सरळ, कारण "टेबल सपाट आहे ना सर". टेबल सपाट असतं, तळाची दिसणारी कड वाकडीच असते. हा एक धडा पेला, पातेलं, बादली, किटली अशा चार वस्तूंवर आठवडाभर गिरवला तर चित्र निम्मं सुधारतं.

अंडाकृती काढताना दोन टोकांना कोपरे येऊ देऊ नका. ती केळीसारखी टोकदार झाली की भांडं पत्र्याचं कापून ठेवल्यासारखं दिसतं. मधोमध एक उभी फिकट रेघ, तिच्यावर काटकोनात आडवी, आणि मग खांद्यातून हात फिरवत चार-पाच वेळा हलकी अंडाकृती. मनगटातून काढाल तर अडकेल.

आता मोजमाप. हात कोपरात न वाकवता पूर्ण लांब करा, पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा. पेन्सिलीचं टोक तांब्याच्या वरच्या कडेला, अंगठ्याचं नख तळाला. ही झाली उंची. तेवढंच माप आडवं धरा: तांब्याची रुंदी उंचीत किती वेळा बसते? मग हाच हिशेब अख्ख्या मांडणीचा करा. सगळ्या वस्तू मिळून रुंदी जास्त की उंची, आणि किती पट? त्यावरून कागद आडवा की उभा ते ठरतं. आपल्याकडची मुलं हे सोडून थेट तांब्याच्या तोंडापासून सुरुवात करतात, आणि शेवटी बादली कागदाबाहेर जाते. हात वाकवला की माप बदलतं, म्हणून दर वेळी हात ताठ. पहिले आठ दिवस हे सगळं नाटकी वाटतं. नंतर पेन्सिल न उचलताही डोळा मापू लागतो.

मांडणी घरी कशी करावी? तीन वस्तू पुरे: एक उंच, एक बसकी, एक छोटी गोल. उदाहरणार्थ तांब्या, पातेलं आणि दोन कांदे. खाली एक गडद किंवा फिकट कापड. खिडकी एका बाजूला येईल अशी जागा बघा. ट्यूबलाइटखाली सावल्या मरतात. वस्तू एका रांगेत उभ्या करू नका, एक दुसरीच्या थोडी मागे जाऊ द्या. मग मुलाला वेगवेगळ्या जागी बसवा: समोर, डावीकडे, उजवीकडे, खाली सतरंजीवर. याचं कारण परीक्षेत दिसतं. मांडणीभोवती मुलं गोलाकार बसतात, आणि कोणाला कोणती जागा येईल ते आपल्या हातात नसतं. तुमच्या वाट्याला उजेडाविरुद्धची जागा आली तर वस्तू समोरून काळसर दिसणार आणि कडेला उजेडाची एक झिरमिळी रेघ. घाबरायचं काही नाही, ते चित्र सुंदरही होतं; पण आधी एकदा तसं काढलेलं असायला हवं.

छायांकनाला तीन टप्पे ठेवा: उजेड, मधला, गडद. डोळे किलकिले करून बघितलं की बारीकसारीक तपशील पुसट होतो आणि तीनच पट्टे उरतात. तेच कागदावर उतरवा. स्टीलचं भांडं रंगवायचा सोपा नियम: त्यात मऊ छटा फार नसतात, काळे आणि पांढरे पट्टे शेजारी-शेजारी, कडक कडांचे असतात, आणि बाजूच्या कांद्याचा गुलाबी डाग त्यात हमखास पडलेला असतो. तो डाग दाखवलात की परीक्षकाला कळतं की मुलाने खरंच बघितलंय. पितळेला पिवळ्यात काळा मिसळू नका, हिरवट चिखल होतो. तपकिरी आणि थोडा जांभळा घ्या. जलरंगात फिकट आधी, गडद नंतर, आणि चमकणारी जागा कागदाचीच कोरी. पोस्टर कलर झाकणारा असतो, तिथे वरून पांढरा ठिपका देता येतो, पण कोऱ्या कागदासारखी चमक त्याला येत नाही.

इंटरमिजिएटच्या पडद्याबद्दल थोडं. घड्या मनाने काढू नका. कापड कुठून लटकतंय तो बिंदू शोधा. सगळ्या घड्या तिथून फुटतात आणि खाली पसरत जातात. प्रत्येक घडीला एक उजळ बाजू आणि एक सावलीची बाजू, बास. पडद्याला दिलेला वेळ अर्ध्या तासाच्या वर गेला तर तांब्या कच्चा राहतो.

स्मरणचित्र: पाठ केलेली माणसं ओळखू येतात

हा पेपर मला सगळ्यात प्रिय आणि यातच सगळ्यात जास्त फसवणूक चालते. विषय रोजच्या आयुष्यातले असतात: भाजीबाजार, बसथांबा, शेतातली कामं, गणपतीची मिरवणूक, शाळेची मधली सुट्टी. क्लासवाले यांची दहा-बारा तयार चित्रं देतात आणि मुलं ती घोटतात. एकदा आमच्याच शाळेच्या सराव परीक्षेत सात मुलांच्या भाजीबाजारात एकच बाई बसली होती. तोच हिरवा पदर, तोच उजवा हात, समोर तीच वांग्यांची टोपली. सातही मुलं एकाच क्लासची. मला हसू आवरेना, पण मुलं रडवेली झाली, कारण त्यांना चित्र "येत" होतं, फक्त ते त्यांचं नव्हतं. आणि विषय जरा तिरका आला, 'पावसात अडकलेला बाजार' वगैरे, की पाठांतरवाल्याची वांगी कोरडीच राहतात.

यावर उपाय स्वस्त आहे. खिशात मावेल अशी वही आणि बॉलपेन. एसटी स्टँडवर, रेशनच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, देवळाच्या पायऱ्यांवर बसून माणसं काढा. एका माणसाला दोन मिनिटांहून जास्त नाही. चेहरा, डोळे, बटणं काढूच नका. डोकं, पाठीचा कणा, ढुंगणाची जागा, पायांचा कोन. ओझं उचललेली बाई कोणत्या बाजूला झुकते? सायकलवर टेकलेल्या माणसाचा कोणता पाय ताठ असतो? बॉलपेन मुद्दाम सांगतो, कारण खोडता येत नाही. आठवड्याला वीस-पंचवीस झाली तर सुट्टीअखेरीस दीडशेच्या आसपास माणसं हाताखालून जातात. तुमच्या भाजीबाजारातली बाई मग क्लासच्या चित्रातून येत नाही, ती तुमच्या गल्लीतून येते.

प्रमाणाचा हिशेब डोक्यात ठेवा: मोठं माणूस उभं असेल तर साधारण साडेसात डोकी उंच, पहिली-दुसरीतलं मूल पाच ते सहा. लहान मुलाला मोठ्याच्याच प्रमाणात छोटं काढलं की तो बुटका काका दिसतो. हात लपवू नका. खिशात घातलेले, पाठीमागे बांधलेले, पिशवीआड गेलेले हात म्हणजे काढता येत नाहीत याची कबुलीच. पंजा आधी हातमोज्यासारखा एकसंध काढा, अंगठा वेगळा, बोटं शेवटी.

दूर-जवळ दाखवायची एक युक्ती एकदा कळली की आयुष्यभर पुरते. तुम्ही रस्त्यावर उभे राहून समोर बघताय, आणि जमीन सपाट आहे. तुमच्या उंचीची सगळी माणसं, जवळची असोत की लांबची, त्यांचे डोळे साधारण एकाच आडव्या रेषेवर येतात. लांबचा माणूस लहान होतो, पण डोकं तिथेच राहतं, पाय वर सरकतात. मुलं पाय एका रेषेवर ठेवतात आणि डोकी खाली-वर करतात. मग लांबची माणसं बाहुल्यांसारखी दिसतात. गच्चीवरून बघितलेला बाजार काढायचा असेल तर ती रेषा कागदाच्या वरच्या बाजूला न्या, बसून बघत असाल तर खाली.

पेपर हातात आला की पहिली दहा मिनिटं रंगाला हात नाही. कागदाच्या मागे परवानगी नसेल तर प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात काड्यापेटीएवढे तीन आराखडे करा. पहिला आराखडा सगळ्यांना सुचतो तोच असतो: मधोमध मुख्य माणूस, मागे डोंगर, डोंगरात सूर्य. दुसरा जरा बरा. तिसरा घ्या. मुख्य माणूस मध्यापासून थोडा बाजूला सरकवा, एखादा माणूस कडेने अर्धा कापला जाऊ द्या, कोणीतरी पाठमोरा उभा करा. पुढे दोन-तीन मोठ्या आकृत्या, मध्ये काही छोट्या, मागे फक्त डाग. आकृत्या एकमेकींवर चढू द्या. आणि कृपा करून आभाळाच्या निळ्या रंगातून सुरुवात करू नका. माणसं राहून जातात आणि आभाळ मात्र फार सुरेख होतं.

संकल्पचित्र: जागा भरा, पण कोंबू नका

इथे एक आकार दिलेला असतो, चौकोन, आयत, वर्तुळ किंवा एखादी वस्तू, आणि त्यात नैसर्गिक, अलंकारिक किंवा भौमितिक आकार वापरून रचना करायची असते. किती रंग, कोणती योजना, याच्या सूचना प्रश्नपत्रिकेत असतात. त्या दोनदा वाचा. चार रंग सांगितले असताना सात वापरणारं चित्र कितीही देखणं असलं तरी चुकलेलं असतं.

आकार कुठून आणायचे? पुस्तकातल्या छापील नक्षीतून नको. एक पान तोडून आणा, सीताफळ उभं कापा, भेंडी आडवी कापा, शेवग्याची शेंग, जास्वंदीची कळी. तिचं रेखाचित्र करा, मग त्यातलं अनावश्यक काढून टाकत सोपा, घट्ट आकार करा. आपल्याकडे हे काम शतकानुशतकं चाललंय: पैठणीच्या पदरावरचा मोर आणि कमळ, सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते), पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत सांगितलेली गोष्ट), अंगणातली रांगोळी, आजीच्या हातावरचं गोंदण. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे पाहायला एक दिवस काढा, तिथे मोर किती तऱ्हांनी वाकवलाय ते बघा आणि वहीत उतरवा. वारली जरूर शिका, पण प्रत्येक संकल्पचित्रात तारपा नाचवू नका. परीक्षकांनी तो इतका पाहिलाय की नजर त्यावरून घसरते.

रचनेत एक आकार मोठा, त्याचे दोन-तीन मधले सोबती, आणि बाकी बारीक. सगळे एकाच मापाचे झाले की वॉलपेपर. आकारांच्या मधल्या मोकळ्या जागेकडेही आकार म्हणूनच बघा. ती जागा ओबडधोबड राहिली तर नक्षी कितीही नाजूक असून फायदा नाही. दोन्ही बाजूंनी सारखी रचना असेल तर अर्धी बटर पेपरवर काढून उलटवा, हात वाचतो.

रंग लावणं हे इथलं खरं कसब. पोस्टर कलर ताकापेक्षा दाट आणि दह्यापेक्षा पातळ हवा. पातळ झाला तर पट्टे पडतात, दाट झाला तर तडकतो. लागणारा रंग एकदम, थोडा जास्तच मिसळून ठेवा. अर्ध्यात संपला तर तीच छटा पुन्हा जुळत नाही, आणि वाळल्यावर फरक उठून दिसतो. आधी कडेने बारीक ब्रश, मग आतून मोठा, ओल्यावर ओला. एक रंग सगळीकडे लावून मग दुसरा. बाजूचा रंग वाळल्याशिवाय शेजारी जाऊ नका. पावसाळ्यात रंग वाळायला वेळ लागतो, आणि परीक्षा पावसाळ्याच्या शेपटालाच येते, हे लक्षात ठेवून वेळ राखा.

कर्तव्यभूमिती: कलाकार मुलं इथे मार खातात

चित्र छान काढणारी मुलं हा पेपर कंटाळून टाळतात आणि ग्रेड एक पायरी खाली येते. खरं तर चारही पेपरांत हाच असा आहे की सराव केला तर निकाल ठरलेला. पेन्सिल सुईसारखी टोकदार, रचनेच्या रेषा २एचने फिकट, उत्तराची आकृती एचबीने ठळक. रचनेच्या रेषा आणि कंस खोडायचे नाहीत. पद्धत त्यांतूनच दिसते.

एक आकृती नमुन्याला घेऊ, म्हणजे काम कसं चालतं ते कळेल. ४ सेंटिमीटर बाजूचा सुसम पंचकोन. क ख ही ४ सेंटिमीटरची रेषा काढा. तिचा लंबदुभाजक वरपर्यंत न्या. ख वर ४ सेंटिमीटरचा लंब उभा करा, त्याच्या टोकाला ग म्हणा, आणि क ग जोडा. ही रेषा दुभाजकाला जिथे छेदते तो बिंदू ४. आता ख केंद्र धरून क पासून ग पर्यंत कंस मारा. तो दुभाजकाला छेदतो तो बिंदू ६. चार आणि सहाच्या बरोबर मधला बिंदू ५. पाच केंद्र आणि क पर्यंतचं अंतर त्रिज्या घेऊन वर्तुळ काढा, आणि ४ सेंटिमीटरचा कंपास त्यावर फिरवा. पाच बाजू बसतात. चौकोनाचं केंद्र बिंदू ४, षटकोनाचं ६; चार-पाचमधलं अंतर सहाच्या वर तेवढंच घेतलं की ७, मग ८. एका आकृतीत सगळे बहुकोन. ही रीत पंचकोनाला शंभर टक्के अचूक नाही, मिलिमीटरभर फरक राहतो, पण शेवटची बाजू अर्धा सेंटिमीटर उघडी राहिली तर दोष रीतीचा नाही, तुमच्या बोथट पेन्सिलीचा आहे.

इंटरमिजिएटच्या घनभूमितीला घरातली काड्यापेटी, साबणाचा खोका आणि खडूचा तुकडा घ्या. वरून पाहा, समोरून पाहा, काढा. प्लॅन आणि एलिव्हेशन हे शब्द त्यानंतर शिकलात तरी चालेल. वस्तू हातात न घेता हे प्रकरण पाठ करणारी मुलं आकृती जरा फिरवली की अडतात.

अक्षरलेखन याच पेपरात येतं आणि घाईत उरकलं जातं. अक्षरांमधलं अंतर पट्टीने सारखं ठेवू नका, डोळ्याने सारखं दिसायला हवं. रोमन 'एल' आणि 'ए' शेजारी आले की मध्ये आपोआप भगदाड पडतं, तिथे जवळ ओढा. दोन उभ्या दांड्या शेजारी आल्या तर थोडं लांब. देवनागरीत शिरोरेषा आधी आखा, मग अक्षरं तिच्यावर टांगा. काना, वेलांटी आणि मात्रा यांची जागा अगोदर राखून ठेवावी लागते, नाहीतर 'की'ची वेलांटी चौकटीबाहेर डोकावते. शब्द आधी फिकट आखून पूर्ण बसतो का ते बघा. शेवटचं अक्षर चिरडलेलं असणं ही या पेपरातली सर्वांत सामान्य दुर्घटना आहे. देवनागरी किती तऱ्हांनी वळू शकते हे बघायचं असेल तर कमल शेडगे यांनी केलेली मराठी नाटकांच्या नावांची अक्षरं शोधून बघा. नाटकाचा स्वभाव नावातच दिसतो.

वेळापत्रक आणि परीक्षेचे दोन दिवस

उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज एक पेला किंवा पातेलं, आणि बाहेर गेलात की वहीत माणसं. शाळा सुरू झाल्यावर आठवड्यातून तीन बैठका पुरतात: एक वस्तुचित्र, एक स्मरणचित्र किंवा संकल्पचित्र, एक भूमिती. बैठक पूर्ण पेपरच्या वेळेची हवी. घड्याळ लावून दोन-तीन तास एका जागी बसणं हीसुद्धा सरावाचीच गोष्ट आहे. ऑगस्टपासून प्रत्येक चित्रावर मागे तारीख आणि लागलेला वेळ लिहा. महिन्याने पहिलं आणि शेवटचं शेजारी ठेवलं की मुलाला सांगावं लागत नाही. क्लास लावायचाच असेल तर तिथे एकदा बसून बघा. मुलांसमोर वस्तू मांडलेली आहे की झेरॉक्स?

परीक्षेच्या दिवशी रंगांच्या बाटल्यांची झाकणं आदल्या रात्रीच सैल करून बघा. घट्ट बसलेलं पांढऱ्याचं झाकण उघडताना वर्गात कोणाच्या तरी चित्रावर सडा पडतोच. कागद ताणून क्लिपा लावा. बैठक क्रमांक आणि इतर मजकूर आधी भरा. संपायला पंधरा मिनिटं असताना ब्रश खाली ठेवून दोन पावलं मागे जाऊन चित्र बघा, जागा नसेल तर डोळे किलकिले करून. जिथे नजर अडकते तेवढंच दुरुस्त करा. सकाळचा पेपर बिघडला तर डबा खाताना त्याची चर्चा नको. दुपारी दुसरा कागद कोरा मिळणार आहे.

पुढे काय

कलेकडे वळायचं असेल तर फाउंडेशन, म्हणजे कलेचा पायाभूत अभ्यासक्रम, आणि कलाशिक्षक पदविका, म्हणजे एटीडी, हे रस्ते आहेत. बारावीनंतर राज्यातल्या बीएफएसाठी, म्हणजे कलेच्या पदवीसाठी, एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे प्रात्यक्षिक विषय बघा: वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र. आठवीत बॉलपेनने काढलेली माणसं इथे पुन्हा कामाला येतात. मुंबईचं सर ज. जी. कला विद्यालय १८५७ सालापासून उभं आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय महाविद्यालयं आहेत, पुण्यात अभिनव कला महाविद्यालय, गोव्यात पणजीच्या आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय. डिझाइनकडे जायचं असेल तर आयआयटी मुंबई घेत असलेली यूसीड आणि एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) डॅट या प्रवेश परीक्षा आहेत. त्यांत तर्क आणि निरीक्षण जास्त लागतं, पण हाताने रेखाटनही करावंच लागतं. या कशालाही बारावीला विज्ञानच हवं असं नाही. वास्तुकलेला मात्र गणित लागतं, तेव्हा अकरावीला विषय निवडताना ते सोडून देऊ नका.

आणि त्या सात मार्कांचं. ते आपोआप जमा होत नाहीत. इंटरमिजिएटचं प्रमाणपत्र जोडून शाळेमार्फत मंडळाकडे प्रस्ताव जातो, आणि त्याची मुदत असते. दहावीचं वर्ष सुरू झालं की प्रमाणपत्र शोधून काढा, एलिमेंटरीचंही जवळ ठेवा, दोन्हींच्या झेरॉक्स शाळेत देऊन पोच घ्या. प्रमाणपत्रावरचं नाव शाळेच्या रजिस्टरमधल्या नावाशी अक्षर न अक्षर जुळतंय का, हे फॉर्म भरतानाच तपासा. आमच्याकडे एका मुलीच्या वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त पडलं होतं. ते दुरुस्त होईपर्यंत मुदत संपली, आणि तिची ए ग्रेड तशीच फाइलीत राहिली.